देवासहून आलेलं वाळवणीचं कपाट

श्रावण शु. २, रवि.

कपाटानं आज पुन्हा घरभर धूर केला. वर श्री लिहायची राहिली, राहू दे. आधी हे. माझं सोवळ्याचं लुगडं सकाळी आत घातलं, नैवेद्याच्या वेळेला काढलं, तर जसं घातलं तसं ओलं, वर धुराचा वास. देवसुद्धा खोकला असेल.

आता श्री.

हे टिनाचं कपाट व्याह्यांनी धाडलं. व्याही म्हणजे आमच्या नातीचे, मनूचे सासरे, बापूसाहेब, देवासला थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजाच्या, बांधकामावर ओव्हरसियर. आषाढात गवतात गुंडाळून बैलगाडीतून आलं, जशी काही नवरी. खाली शेगडीचा खण, त्यावर तारेची जाळी, वर कपड्यांना दोन दांड्या, माथ्यावर नळी, ती भिंतीतून बाहेर काढायची. झडीत कपडे वाळतील म्हणे. कोणी मागितलं होतं? मनूच्या लेकीच्या, चिमीच्या बारशाला विहीणबाई आल्या होत्या. दोरीवरचं बाळोतं नाकाशी धरून म्हणाल्या, "तुमच्या धार गावात ऊन पडतच नाही का हो?" आणि महिना उलटला नाही तोच हे दारात. मी काय ते समजले. आहेर नाही हा, टोमणा आहे. चार माणसांनी उचलायचा.

विहीणबाईंना यापुढं वि.बा. लिहीन. एवढी शाई त्यांच्यावर कशाला.


श्रावण शु. ५, बुध. नागपंचमी

आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी म्हटलं, शेगडीही पेटवायची नाही, आत कपडे भाजल्यासारखंच ते. सूनबाई म्हणाली, "सासूबाई, भाजत नाही, वाळवतो. चिमीला कोरडं एक नाही राहिलं." मी म्हटलं, नागाला तू समजाव. ती गेली आणि शेगडी पेटवली. माझ्यादेखत. पूर्वी अशी नव्हती. लेक बाळंत झाली तशी हिला वाचा फुटली.

चिमी आमची पणती. मनूची. दिवसभर काम एकच, आणि ते मन लावून करते. घरात जिकडे पाहावं तिकडे बाळोती. खुंटीला, पाळण्याला, दामूच्या पगडीच्या खोक्यावर. दामू म्हणजे माझा मुलगा, मनूचा बाप, इथं दफ्तरात कारकून. दफ्तरात जायला पगडी उचलली तर खाली दुपटं. दुपटं बाजूला ठेवून गेला. तो कधी काही बोलत नाही, तीच तर रड आहे.

दिंडं बरी झाली. गूळ कमी.


श्रावण शु. ८, शनि.

नळीचा जोड सुटला म्हणून धूर होतो, असं दामूचं मत. नूरा टिनवाल्याला बोलावला. मी काठी घेऊन उभी. म्हटलं, आतल्या दांडीवर सोवळं वाळतं, आत हात घालायचा नाही.

तो म्हणे, "माजी, भीतर हाथ नी घालूँ तो टाँका कां लगाऊँ?"

"बाहेरून लाव."

"फूटा भीतर से है, भिया."

मला भिया, म्हणजे भाऊ! सूनबाई पदर तोंडाला लावून हसली. शेवटी त्यानं नळी काढून अंगणात नेली, तिथं कथलाचा डाग दिला, आणून बसवली. जाताना म्हणाला, धुआँ नळी का नी है, नीचे का है. मी म्हटलं, तुला डाग द्यायला बोलावलं होतं, मत द्यायला नाही.

संध्याकाळी पेटवली. धूर आहे तसाच.


श्रावण शु. १०, सोम.

आजचा झगडा असा. खालच्या दांडीवर बाळोती, वरच्यावर माझं सोवळं. खाली ओवळं, वर सोवळं, मधे नुसती हवा. आणि शेगडीत कोळसा घालायला कोणीही बसतं. मग वरचं सोवळं राहिलं कुठं? गुरुजी आले होते, त्यांना विचारलं टिनाला विटाळ लागतो का. बराच वेळ मान हलवून म्हणाले, "शास्त्रात टीन नाही." दक्षिणा मात्र शास्त्रात आहे, ती घेऊन गेले.

म्हणून मीच निकाल लावला. पाटाची जुनी फळी होती, ती दोन दांड्यांच्या मधे घट्ट बसवून घेतली. भिंतीला भिंत. आता खाली कोणी काहीही वाळवा.

मनू म्हणाली, "आजी, मग ऊब वर कशी जाईल?" मी म्हटलं, तू देवासला शिकून आलीस वाटतं. गप्प झाली. ही मुलगी फार लवकर गप्प होते. लग्नाआधी अशी नव्हती, तेव्हा एका शब्दाला चार शब्द मिळायचे.


श्रावण शु. १३, गुरु.

जळलं. खालच्या दांडीवरचं दुपटं काळं पडून धुमसायला लागलं. मनू चिमीला पाजत होती, तिला आधी वास आला. पोर सूनबाईच्या मांडीत टाकली, धावत येऊन उघड्या हातानं दुपटं ओढून काढलं, अंगणात पावसात फेकलं. दोन बोटं भाजली. तूप लावलं.

दुपटं गेलं तर गेलं. वि.बां.नीच शिवलं होतं, टाके ढगळ होते.

पण धूर नाकात गेला तशी मनू खोकायला लागली ती थांबेच ना. भिंतीला धरून उभी. हा खोकला धुराचा नव्हता. खोलवरचा, बरगड्या धरून येणारा. मी म्हटलं, हा कधीपासूनचा? म्हणाली, काही नाही आजी, धूर. सूनबाई माझ्याकडे बघेना. म्हणजे तिला ठाऊक आहे.

म्हटलं, उद्या बघते दोघींना.


श्रावण शु. १४, शुक्र.

दार लावून मनूला समोर बसवलं. आधी रडून घे म्हटलं, मग सांग, मधे मधे नको. रडली नाही. सांगितलं.

देवासच्या घरी सुनांनी ओलेत्यानं स्वयंपाक करायचा. अंघोळ करायची, तेच ओलं लुगडं नेसून चुलीपुढं बसायचं, सगळ्यांची पानं उठेपर्यंत. उन्हाळ्यात ठीक, अंगावर वाळतं. झडीत वाळत नाही, थंडीत वाळत नाही.

"कोरडं सोवळं नाही घरात?"

"एकाच माणसाचं असतं. सासूबाईंचं."

"आणि मी लग्नात दिलेली धाबळी?"

भाजलेल्या बोटांवरचं तूप पुसायला लागली.

"धाबळी कुठं आहे, मने?"

"सासूबाई नेसतात. म्हणाल्या, सुनेच्या अंगाला लोकर सोसायची नाही."

धाबळी मी मुद्दाम दिली होती. लोकरीला विटाळ नाही, ओली करावी लागत नाही, झडीत पोरीला ऊब राहील म्हणून. ती त्या बाईच्या अंगावर! ओटीत घातलेली वस्तू.

पुढचं विचारलं नसतं तर बरं झालं असतं. विचारलं. मनूची थोरली जाऊ, खातेगावची, दोन मुलं मागं ठेवून गेली ती तापानं, असं आम्हांला कळवलं होतं. ताप शेवटी आला. आधी दोन पावसाळे खोकला होता. ती गेली तसं ओलेतं मनूकडे आलं. पोटात चिमी असतानाही.

"बापाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. बाबा म्हणाले, प्रत्येक घरची रीत असते."

मी सोवळ्यातली बाई. माझ्या सोवळ्याला हात लावला म्हणून नातवंडांना बदडलेलं आहे. पण सोवळं म्हणजे स्वच्छ अंगानं देवाला रांधणं. सुनेला भिजत घालणं कुठून आलं यात?


श्रावण पौर्णिमा, शनि.

नारळीभात केला. दामूला वाढताना विचारलं, मनूनं तुला सांगितलं होतं का रे? घास तोंडात तसाच. "आई, सोयऱ्यांच्या चुलीत आपण कसं शिरायचं?"

म्हटलं, चुलीत नको शिरू, लेक शिरली आहे तेवढी पुरे. पानावरून उठला. उठू दे. भात फुकट नाही गेला, गाईला घातला.


श्रावण व. २, सोम.

देवासहून गाडीवान आला, निरोप घेऊन. ओसरीवर उभा राहून ओरडून सांगितला, साऱ्या आळीला कळला. "बाईसाब ने केवाया है, गौरी से पेलां बहूजी को भेज दो. काम घणो है."

काम घणो है. काम फार आहे म्हणे, चिमीचं नाव नाही. मुलगी कशी आहे, बाळंतीण कशी आहे, एक शब्द नाही.

दामू म्हणे, पाठवायला हवं, सव्वा महिना कधीच झाला, लोक काय म्हणतील. सूनबाई म्हणे, पाठवायची नाही. पहिल्यांदा ती नवऱ्याला तोंडावर नाही म्हणाली. मी दोघांना म्हटलं, गप बसा. ठेवून घेतली तर टाकलेली म्हणतील, चिमीच्या कपाळालाही ते चिकटेल. पाठवली तर खातेगावच्या पोरीच्या वाटेनं जाईल. दोन्ही मला चालत नाही.

गाडीवानाला जेवायला घातलं. सांगितलं, निरोप पोचला. बस, एवढंच.


श्रावण व. ३, मंगळ.

आज कपाट उघडं केलं. दामू दफ्तरात, नूऱ्याला बोलावलं नाही. मी आणि सूनबाई.

आधी माझी फळी उपटली. ऊब वर कशी जाणार, मनू बरोबर म्हणाली होती. सगळा ताव खाली कोंडून दुपटं जळलं आणि वर माझं लुगडं ओलंचिंब. फळी फोडून बंबात घातली. सूनबाई बघत राहिली. म्हणाली, "आणि सोवळं?" मी म्हटलं, मी धाबळी नेसेन, माझी आहे अजून माझ्याकडे. हे कपाट मनूचं.

मग शेगडीचा खण ओढला, वरची जाळी खळखळ करून सोडवली. अगं बाई! जाळी दिसेचना. बाळोत्यांचा, फ्लानेलच्या झबल्यांचा सगळा कापसासारखा भुगा खाली पडून बसलेला, पिंजाऱ्याच्या गादीसारखा थर. कोळशाची धग त्याला लागते, तो धुमसतो, वर येतो तो धूर. नूरा म्हणाला होता, खालचा धूर आहे. म्हणो. काथ्यानं घासून जाळी लख्ख केली.

नळीचा भिंतीतला तुकडा नूऱ्यानं काढलाच नव्हता, त्यात काठी घातली, ती अर्ध्यावर अडली. सोवळं उतरवायची माझी लांब काठी घेऊन बाहेरून ढोसलं, तर चिमणीचं घरटं. रिकामं होतं, नाहीतर सूनबाईनं तेही वाढवलं असतं. नळी मोकळी झाली, तशी आतली वाफ बाहेर जाताना डोळ्यांनी दिसली. जाळीचं एक टोक तुटलं होतं, ते तारेनं बांधलं. दार नीट लागत नव्हतं, त्याच्या कडेला जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवली, खळीनं.

दुपारी मनूचं लुगडं घातलं. चिमी दोनदा झोपून उठली तेवढ्यात खडखडीत. गालाला लावून पाहिलं मी. धुराचा वास नाही.

नियम. जाळी रोज झाडायची, शेगडी पेटवायच्या आधी, देवपूजेसारखी. कोळसा कोरडाच. धामनोदकडून तो माणूस ओला कोळसा आणतो आणि वर शपथा घेतो, तो परत करायचा. कपड्यांची गर्दी करायची नाही. मनूला सगळं हातानं करायला लावलं. म्हटलं, शिकून ठेव, तुझ्याबरोबर जाईल हे.

मनू म्हणाली, "ते घरात घेणार नाहीत आजी."

"का? त्यांनीच तर धाडलं."

घासलेली जाळी पुन्हा घासायला घेतली. अजून काहीतरी आहे.


श्रावण व. ८, रवि. गोकुळाष्टमी

पाऊस हलेना. तलाव काठोकाठ, रस्त्यात चिखल घोट्यावर. घरात मात्र सगळं कोरडं. शेजारची बाई रोज कपाट बघायला येते, हात लावते, आणि म्हणते, आमच्याकडे बाई असलं नाही चालत. रात्री तिचाच मुलगा ओलं धोतर घेऊन दारात. वाळवून दिलं. फुकट आहे ना.

मनूचा खोकला कमी. सकाळी असतो. सुंठ चालू.


श्रावण व. १३, शुक्र.

आले. बापूसाहेब आणि वामनराव, मनूचा नवरा. देवासहून इंदूर, तिथून महू, महूहून टांगा. चिखलानं भरलेले. वि.बा. आल्या नाहीत, कणकण आहे म्हणे. धाबळी असून कणकण!

वामनरावांनी चिमीला घेतलं, लगेच परत दिलं. मनूकडे पाहिलं नाही, मोठ्यांसमोर पाहायचं नसतं म्हणून असेल. नसेलही.

बापूसाहेब सरळ कपाटाकडे गेले. दार उघडलं, जाळी ओढून पाहिली. "वा! कोणी ठेवलंय हे असं?" मी म्हटलं, मी. त्यांना फार आनंद झाला. बसले, बोलायला लागले. राजवाड्यात वीज येणार आहे मातोश्री, मग कोळसाच नको. तार तापेल, कळ दाबली की कपडे कोरडे.

मी म्हटलं, "आणि घरातली ओली सून कुठल्या कळीनं वाळते, बापूसाहेब?"

दामूनं माझं नाव घेऊन हाक मारायचीच बाकी ठेवली. बापूसाहेब जाळी हातात धरून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे थोरलीसाठीच केलं होतं."

"कुठल्या थोरलीसाठी?"

"खातेगावच्या. घरात घेईनात. तुमच्या विहीणबाई म्हणाल्या, टिनवाल्यानं डाग दिलेलं, सोवळ्यात चालायचं नाही. मागच्या पडवीत ठेवलं. पुढं ती गेली. मग म्हटलं, मनू इथं आहे तोवर निदान…"

म्हणजे टोमणा नव्हता. मी महिनाभर या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या चुकीच्या कारणासाठी दिल्या. आता बरोबर कारण मिळालं. कपाट करता येतं, ते स्वतःच्या माजघरात ठेवता येत नाही! सून मेली तरी नाही. पूल बांधतो हा माणूस म्हणे, दोन राज्यांचं मोजमाप करतो, आणि बायकोपुढं पडवीत जातो. तोंडावर म्हटलं हे. पडवीत जातो एवढं सोडून. तेही म्हटलं वाटतं.

पाणी प्यायले. उठून बाहेर गेले.

वामनराव इतका वेळ बुटांचा चिखल काडीनं काढत होते.


श्रावण व. १४, शनि.

सकाळी ओसरीवर सगळे. टांगा बाहेर उभा, बैठक अर्धी भिजलेली. दामूनं घसा साफ केला, म्हणाला, मुलीचं खरं घर ते. बापूसाहेब म्हणाले, गौरींना सून घरात नसली तर बरं दिसत नाही, मी समजावीन तिकडं. मी म्हटलं, आतापर्यंत समजावलंत त्याचं काय झालं ते खातेगावला विचारा.

मी म्हटलं, पाठवते. आजच पाठवते. कपाट मागच्या गाडीतून येईल, माजघरात ठेवायचं, पडवीत नाही. मनू कोरडं नेसून चुलीपुढं बसेल. मी दिलेली धाबळी तिच्या अंगावर परत. हो म्हणा आणि टांग्यात बसा.

बापूसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं बापाकडे. दामू म्हणाला, "मनू, तूच सांग बाई. येतेस ना यांच्याबरोबर?" झालं, सगळ्यांनी माना तिच्याकडे वळवल्या. सोपं पडतं. ही हो म्हणाली तर हिनंच कबूल केलं, नाही म्हणाली तर हिनंच घर मोडलं. चिमी कडेवर, मनूनं तोंड उघडलं.

मी म्हटलं, थांब. एक अक्षर नाही.

तिला आत घेऊन आले. माजघराच्या दाराशी बसून हे लिहिते आहे. बाहेर नुसता पाऊस वाजतो. टांगेवाला दोनदा ओरडला, त्याला सूनबाईनं चहा दिला. मनू विचारते, आजी, मी काय सांगू? तू काही सांगायचं नाहीस. तू काही मागितलेलं नाहीस. विचारलं आहे मी, आणि ज्याला विचारलं आहे तो अजून बूटच बघतो आहे.

दारातून ऐकू जाईल असं सांगितलं आहे, इथंही लिहून ठेवते. दामूनं बोलायचं नाही. बापूसाहेबांनी बोलायचं नाही, आई काय म्हणेल हेही कोणी सांगायचं नाही. मनूनं तर नाहीच नाही. बायकोला कोरडं नेसू देणार की नाही, याचं उत्तर वामनरावांनी द्यायचं. स्वतःच्या तोंडानं, वर बघून.